मांज्याने कापलेला पिंगळा: बडोद्यातल्या उत्तरायणानंतरचा अनुभव

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, दिवसांत बडोद्यात जखमी पक्षी सापडणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. कबुतरे, घारी, पोपट, बगळे, काळे शराटी असे कितीतरी पक्षी आभाळात ताणलेल्या दोऱ्यांत अडकतात, आणि ज्यांच्या अगाशीवर (गच्चीवर) किंवा अंगणात असा पक्षी येऊन पडतो त्यांना पहिल्या पाच मिनिटांत नेमके काय करावे हे बहुधा सुचत नाही. यंदा १४ जानेवारीच्या संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या अगाशीवर एक पिंगळा पंख कापलेल्या अवस्थेत पडला. त्यानंतर फोन, डॉक्टर, वनखात्याचे नोंदवही-प्रकरण आणि पुष्कळ वाट पाहणे असे सगळे झाले. आता ते पार पडले आहे, आणि पुढच्या जानेवारीत दुसऱ्या कोणावर ही वेळ आली तर उपयोगी पडावे म्हणून घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

आमच्या घरामागे एक जुनी चिंच आहे आणि तिच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी काही वर्षांपासून राहते. पिंगळा हे आपल्या वस्त्यांत सर्वांत सहज दिसणारे लहान घुबड आहे. आकाराने ते साळुंकीएवढे असते, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, करड्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि डोळे पिवळे. दिवसा ते ढोलीच्या तोंडाशी बसून ऊन खातात आणि दिवस मावळला की किडे, पाली, लहान उंदीर टिपायला बाहेर पडतात. उत्तरायणाच्या दिवशी नेमकी हीच वेळ घातक ठरते, कारण सूर्य मावळला तरी पतंग खाली उतरत नाहीत, अंधार पडल्यावर काहीजण तुक्कल (पतंगाच्या दोऱ्याला बांधलेले कागदी कंदील) चढवतात, आणि दिवसभरात कापल्या गेलेल्या दोऱ्या झाडांच्या शेंड्यांत, विजेच्या तारांत आणि अँटेनांवर लोंबत राहतात. सकाळी पक्षी बाहेर पडण्याच्या वेळी आणि संध्याकाळी ते परतण्याच्या वेळी पतंग उडवू नयेत, असे आवाहन दरवर्षी केले जाते. संध्याकाळच्या त्या एका तासात आमच्या पोळीच्या (जुन्या वस्तीतल्या गल्लीच्या) आभाळात मात्र दुपारइतकेच पतंग होते.

साडेसहा वाजून गेले असतील. यजमान फिरक्या गोळा करत होते आणि मी तिळगुळाचे डबे खाली नेण्यासाठी वर गेले होते, तेव्हा पाण्याच्या टाकीमागे फडफड ऐकू आली. पिंगळा भिंतीला टेकून बसला होता, डावा पंख फरशीवर पसरलेला, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा जो पडदा असतो त्यात एक गुलाबी दोरा रुतलेला होता. दोरा सुती होता. हे मुद्दाम सांगते, कारण पक्षी फक्त चिनी मांज्यानेच कापले जातात असा समज आपल्याकडे पक्का झाला आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली, आणि ती योग्यच आहे, कारण तो मांजा तुटतही नाही आणि कुजतही नाही. पण काचेची पूड आणि लुगदी (चिकट लगदा) लावून रस्त्याच्या कडेला रंगवला जाणारा आपला नेहमीचा दोराही पिसे आणि कातडी तितक्याच सहजपणे चिरतो. शिवाय काचेचे कण आणि रंग जखमेत राहतात, त्याचा त्रास वेगळाच.

जखमी पक्ष्याला हात लावताना दोन गोष्टी सांभाळायच्या असतात, त्याचे पंख आणि आपली बोटे. यजमानांनी दोरीवरचा जाडसर टॉवेल आणला, मागच्या बाजूने हळूच त्याच्या अंगावर टाकला आणि दोन्ही पंख अंगाशी मिटलेले राहतील अशा रीतीने त्याला उचलले. डोके झाकले गेले की पक्षी बराच शांत होतो. घुबडाची चोच दिसते तितकी धोक्याची नसते. त्याच्या नख्या जपायला हव्यात, कारण पाय मिटला की पकड सहजासहजी सुटत नाही. छाती मात्र आवळायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल (फुप्फुसांखालचा स्नायूचा पडदा) नसते, श्वास घेण्यासाठी त्याच्या छातीचे हाड पुढे-मागे हलावे लागते, आणि भीतीपोटी घट्ट धरल्याने पक्षी हातातच गुदमरू शकतो.

रुतलेला दोरा आम्ही ओढला नाही. दोन्ही बाजूंना चार-चार बोटे दोरा शिल्लक ठेवून तो कात्रीने कापला आणि आतला भाग तसाच राहू दिला. ओढला असता तर पडदा आणखी फाटला असता आणि कदाचित त्यातून जाणारी कंडराही (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटली असती. रक्त थेंबाथेंबाने येत होते. स्वच्छ गॉझची घडी जखमेवर ठेवून दोन-तीन मिनिटे एकसारखा हलका दाब दिल्यावर ते थांबले.

सासूबाई तोवर वर आल्या होत्या. "अगं, चिमूटभर हळद लाव, लगेच धरेल," त्या म्हणाल्या. आपल्या घरांत कापले-खरचटले की हात आधी हळदीच्या डब्याकडेच जातो, त्यामुळे हे सुचणे स्वाभाविक होते. पण पक्ष्याच्या जखमेवर हळद, तेल, तूप, मलम, डेटॉल यांतले काहीही लावू नये. तेलकट पदार्थाने पिसे चिकटतात आणि थंडीपासून रक्षण करण्याची त्यांची क्षमता जाते, भुकटीमुळे जखम झाकली जाते आणि डॉक्टरांना ती पुन्हा पूर्ण धुवावी लागते. शेजारच्या काकांनी माणसांची वेदनाशामक गोळी चुरून द्यावी असे सुचवले. तेही होऊ दिले नाही. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन आपल्या देशातली गिधाडे किती मोठ्या प्रमाणावर मेली, आणि त्यामुळे २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आणावी लागली, हे काकांना सांगितल्यावर त्यांनाही पटले.

पिंजरा घरात होता, जुन्या काळचा, तारेचा. तो वापरला नाही, कारण घाबरलेला पक्षी तारांवर आपटून पिसे मोडून घेतो, आणि मोडलेले उड्डाणाचे पीस पुढच्या पिसेगळतीपर्यंत तसेच राहते. त्याऐवजी चपलांचा पुठ्ठ्याचा मोठा खोका घेतला. पक्षी आत ठेवण्याआधीच खालच्या बाजूला पेन्सिलीएवढी छिद्रे पाडली, तळाशी जुना सुती पंचा अंथरला (वर्तमानपत्रावर पाय घसरतात, आणि जखमी पक्षी तोल सांभाळण्यात नको तितकी शक्ती घालवतो), आणि झाकणावर सुतळी बांधली. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागाखाली ठेवली, म्हणजे फार ऊब झाली तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता यावे. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास असते. रक्त गेलेल्या आणि धक्का बसलेल्या लहान पक्ष्याला ते टिकवणे कठीण जाते, आणि बडोद्याची जानेवारीतली रात्र माणसांना सुखाची वाटली तरी त्याच्यासाठी पुरेशी थंड असते.

हे सगळे होईपर्यंत मुलाने फोन सुरू केले होते. आमच्याकडे मोबाइलवर फिरत आलेला एक स्वयंसेवकाचा क्रमांक होता, तो लागलाच नाही. तो किती वर्षे जुना होता कोण जाणे. म्हणून सांगावेसे वाटते की असे फिरते संदेश साठवण्यापेक्षा दोन क्रमांक पाठ असावेत. गुजरातमध्ये प्राण्यांच्या रुग्णवाहिकेसाठी १९६२ आणि वनखात्याच्या मदतीसाठी १९२६. राज्य सरकारचे करुणा अभियान २०१७ पासून दरवर्षी साधारण १० ते २० जानेवारी या काळात चालते, आणि त्यात वनखाते, पशुवैद्यक व स्वयंसेवी संस्था मिळून ठिकठिकाणी उपचार केंद्रे उघडतात. फोनवर बोलणाऱ्या मुलीने पक्षी कोणता, जखम कुठे, रक्त चालू आहे की थांबले, पक्षी उभा राहतो का, असे मोजके प्रश्न विचारले, छायाचित्र पाठवायला सांगितले आणि थोड्याच वेळात केंद्रावरच्या डॉक्टरांशी जोडून दिले.

डॉक्टर गुजरातीत बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यात घाई अजिबात नव्हती. रक्त थांबले आहे, हाड बाहेर आलेले नाही, पक्षी दोन्ही पायांवर उभा आहे, हे ऐकून आणि छायाचित्र पाहून त्यांनी सांगितले की इतक्या लहान पक्ष्याला धक्क्यातून सावरल्याशिवाय भूल देणे जोखमीचे आहे, तेव्हा रात्रभर त्याला अंधारात आणि ऊबेत राहू द्या आणि सकाळी आठला घेऊन या. मध्येच रक्त सुरू झाले तर मात्र वेळ न पाहता निघा. मग त्यांनी विचारले, "बेन, पाणी पाजलं नाही ना?" पाजले नव्हते, पण चमच्याने दोन थेंब घालावेत असे आमच्या सगळ्यांच्याच मनात येऊन गेले होते. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडते, त्यामुळे बाहेरून घातलेले पाणी थेट फुप्फुसाकडे जाऊ शकते, आणि जखमेतून वाचलेला पक्षी अशा पाण्याने मरतो, असे ते म्हणाले. दूध, भात, पोळीचा कुस्करा, भिजवलेली डाळ हे तर घुबडाचे अन्नच नव्हे. एक रात्र उपाशी राहिल्याने त्याचे काही बिघडणार नव्हते. थंड पडलेल्या, धक्क्यातल्या शरीराला अन्न पचवणेच जड जाते.

ती रात्र मला फार लांब वाटली. खोका मागच्या खोलीत ठेवला होता, दिवा बंद, पंखा बंद, दार लोटलेले. बाहेर गच्च्यांवर अजून गाणी वाजत होती आणि मधूनच "लपेट!" अशी पतंग कापल्याची आरोळी उठत होती. खोक्यातून अधूनमधून चोचीचा टकटक आवाज येई, आणि दर वेळी वाटे की झाकण किंचित उचलून पाहावे, तो जिवंत तरी आहे का. पण तो टकटकाट घुबडाने दिलेला इशारा असतो, भीतीतून आलेला. माणसाचा चेहरा जवळ येणे, डोक्यावरून हात फिरवणे, मायेने बोलणे, मोबाइलचा उजेड पाडणे, या सगळ्यांतून त्याला एवढेच कळते की शिकारी जवळ आला आहे. म्हणून मी दारापुढे खुर्ची टाकून बसले आणि कोणालाही आत जाऊ दिले नाही, मुलालाही नाही, जरी त्याचा जीव अगदी तुटत होता. काहीतरी करत राहण्यापेक्षा काहीही न करणे इतके कठीण जाईल असे मला वाटले नव्हते. रात्री एकदा उठून रबरी पिशवीतले पाणी तेवढे बदलले, तेही खोका न हलवता.

घुबड घरात ठेवले आहे ही बातमी पोळीत पसरायला वेळ लागला नाही. एका बाईंनी खालूनच हाक मारून सांगितले की संक्रांतीच्या सणाला हे घरात बरे नव्हे. सासूबाई वरून म्हणाल्या, "लक्ष्मीचं वाहन आहे ते, राहू दे एक रात्र." मला या दोन्ही समजुतींबद्दल तितकीच काळजी वाटते. अपशकुनी म्हणून घुबडांना दगड मारले जातात, आणि धनप्राप्तीशी नाते जोडले गेल्यामुळे दिवाळीच्या सुमारास त्यांची चोरटी शिकार आणि विक्री होते. म्हणून घरात घुबड असेल तर त्याची छायाचित्रे आणि घराचा पत्ता सगळीकडे पाठवू नये, ही विनंती मी आवर्जून करते. आमच्याकडे त्या रात्री दोन अनोळखी माणसे "नुसते बघायला" आली होती. त्यांना यजमानांनी नम्रपणे परत पाठवले.

कायद्याची बाजूही इथेच सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पिंगळा हा संरक्षित पक्षी आहे. जखमी सापडला म्हणून तो घरी पाळता येत नाही, बरा होईपर्यंत ठेवून घेता येत नाही, आणि असा वन्यजीव हाती आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. मदत केली म्हणून आपणच अडचणीत येऊ, या भीतीने पुष्कळ लोक पक्षी गुपचूप ठेवून घेतात किंवा पुन्हा झाडाखाली सोडून देतात. पण आम्ही वेळेत कळवले, आणि आम्हाला तरी कोणी जाब विचारला नाही. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला सल्ला "कमाटीबागेत नेऊन द्या" असा होता, आणि कमाटीबागेत, म्हणजे सयाजीबागेत, १८७९ पासून प्राणिसंग्रहालय असलेल्या गावात तो समजण्यासारखा आहे. परंतु अशा पक्ष्याची नोंद वनखात्याकडेच व्हावी लागते.

१५ जानेवारीला, म्हणजे वासी उत्तरायणाच्या (सणाच्या दुसऱ्या दिवसाच्या) सकाळी, आम्ही खोका घेऊन निघालो. स्कूटरवर वाऱ्याने आणि धक्क्यांनी त्रास होईल म्हणून रिक्षा केली, खोका मांडीवर धरला, आणि रिक्षावाल्या भाईंना गाणी बंद ठेवायला सांगितली. कारण समजल्यावर त्यांनी परतीचे भाडे घेतले नाही.

केंद्रावर आमच्या आधीच बरीच माणसे खोके घेऊन बसली होती. फळांच्या पेट्या, मिठाईचे डबे, झाकण लावलेल्या टोपल्या, एका आजोबांकडे तर स्वतःची बंडी होती आणि तिच्यात बगळा. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा कबुतर घेऊन आला होता आणि त्याचे वडील घरी चल म्हणून सांगत असतानाही डॉक्टर भेटल्याशिवाय हलायला तयार नव्हता. ज्यांच्या पक्ष्यांचे रक्त चालू होते त्यांना आधी घेत होते, त्यामुळे आम्हाला जवळपास दोन तास थांबावे लागले. हे आधी ठाऊक असावे: क्रम टोकनाचा नसतो, जखमेचा असतो. तेवढ्या वेळात खोका सावलीत, गर्दीपासून दूर ठेवायचा आणि कोणी कितीही आग्रह केला तरी उघडून दाखवायचा नाही.

नोंदवहीचा अर्ज गुजरातीत होता. माझे नाव, पत्ता, मोबाइल, ओळखपत्राची प्रत, पक्षी सापडल्याचे ठिकाण, तारीख, वेळ, सापडला तेव्हाची स्थिती आणि आपण काय प्रथमोपचार केले, एवढी माहिती त्यात भरायची होती. ठिकाणाच्या रकान्यात नुसते "दांडिया बाजार" न लिहिता गल्ली, घराची खूण आणि जवळचे झाड लिहा, असे तिथल्या वनरक्षकांनी मुद्दाम सांगितले, कारण प्रौढ पक्षी बरा झाल्यावर शक्यतो सापडला तिथेच सोडायचा असतो, आणि पिंगळ्यासारखे जोडीने राहणारे, स्वतःचा इलाखा धरून असणारे पक्षी भलत्याच ठिकाणी सोडले तर तिथले पिंगळे त्यांना टिकू देत नाहीत. मी चिंचेची जागा आणि ढोलीची दिशासुद्धा लिहिली. अर्ज भरल्यावर एक नोंद क्रमांक मिळाला. तो जपून ठेवावा. पुढची सगळी विचारपूस त्यावरच चालते.

तपासणी आम्हाला दारातून पाहू दिली. डॉक्टरांनी आधी नुसतेच, न हाताळता, त्याचे उभे राहणे आणि श्वास पाहिला, मग डोळे, कान आणि चोचीच्या आतला भाग, आणि शेवटी पंख. खांद्यापासूनचे प्रत्येक हाड बोटांनी चाचपले. हाड मोडलेले नव्हते. पडदा चिरला होता, पण पुढच्या कडेतून जाणारी कंडरा शाबूत होती, आणि त्यावरच सारे अवलंबून होते, कारण ती पूर्ण तुटलेल्या पक्ष्याला पंख ताणता येत नाही आणि तो पुन्हा नीट उडण्याची आशा फार थोडी उरते. त्वचेखाली सलाईन देऊन, भूल देऊन, त्यांनी जखम सलाईनने पुष्कळ वेळ धुतली. गुलाबी रंग निघत राहिला आणि काचेचे बारीक कण गॉझवर चमकताना दिसले. नंतर टाके घातले आणि पंख अंगाशी मिटवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पट्टी बांधली.

पट्टी किती दिवस, असे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, जितकी कमी तितकी बरी. पंख फार काळ बांधून राहिला तर हाच पडदा आखडतो आणि जखम भरूनही पक्षी अपंग होतो, त्यामुळे काही दिवसांतच पट्टी काढून भूल देऊन पंख हलकेच ताणण्याचा व्यायाम द्यावा लागतो. घरच्या घरी पट्टी बांधून महिनाभर पक्षी सांभाळणाऱ्यांची माया खरी असते, पण त्या पक्ष्याचे उडणे बहुधा तिथेच संपते. हे ऐकल्यावर, त्याला तिथे सोडून येताना जड झालेले मन थोडे सावरले.

खर्चाचे विचारले जाते म्हणून लिहिते. उपचार, औषधे, नंतरचा सांभाळ यांसाठी आमच्याकडून एक पैसाही घेतला नाही. गॉझ, कापूस आणि सलाईनची बाटली यांना दीडशे रुपयांच्या आत लागले, आणि रिक्षाचे एका बाजूचे भाडे. द्यायचेच असेल तर जुने सुती टॉवेल, चादरी आणि मजबूत खोके द्या, असे तिथल्या मुलांनी सांगितले; उत्तरायणाच्या आठवड्यात पैशांपेक्षा या वस्तू आधी संपतात. आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटायचे याचा विचार करत होतो. त्या वेळी आलेल्या बायकांना मी घरातला एकेक जुना टॉवेल मागितला, आणि त्यांनी तो मनापासून दिला.

त्यानंतर वाट पाहणे सुरू झाले. दुपारी ठरावीक वेळेतच फोन करायचा होता, आणि मी रोज न करता चार-पाच दिवसांनी करत असे, कारण तीच मुले पक्ष्यांना भरवणे, पिंजरे धुणे, औषधे देणे ही कामेही करत होती. पहिल्या फोनला कळले की त्याने खायला सुरुवात केली आहे. पुढच्या फोनला कळले की त्याने गोळी टाकली आहे. घुबडे भक्ष्य बहुधा अख्खे गिळतात आणि न पचलेली हाडे, केस, किड्यांची कवचे यांची गोळी तोंडावाटे बाहेर टाकतात; ती दिसणे म्हणजे पचन ताळ्यावर आल्याची खूण. नुसते बिनहाडाचे मांस देऊन हे साधत नाही आणि त्यातून पुरेसे कॅल्शियमही मिळत नाही, म्हणून केंद्रात त्याला अख्खे भक्ष्यच देत होते. जानेवारीच्या अखेरीस त्याला लहान खोलीतून उडण्याच्या लांब पिंजऱ्यात हलवले. डावीकडे किंचित कलतो आहे, असे त्या वेळी सांगितले गेले, आणि तो आठवडा मला सर्वांत काळजीचा गेला. संध्याकाळी चिंचेवरून दुसऱ्या पिंगळ्याचा आवाज येई, आणि त्यांच्या विणीचा हंगाम आपल्याकडे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा असतो हे माहीत असल्यामुळे प्रत्येक दिवस वाया गेल्यासारखा वाटे.

५ फेब्रुवारीला केंद्रातून फोन आला की तो आता सरळ उडतो, वळतो, उंच फांदीवर चढतो आणि जिवंत भक्ष्य स्वतः पकडतो. या चारही गोष्टी झाल्याशिवाय सोडत नाहीत. ७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी वनरक्षक आणि एक स्वयंसेवक मुलगी त्याला घेऊन आले. निशाचर पक्षी सांजेलाच सोडावा, म्हणजे दिवसा कावळे त्याच्या मागे लागत नाहीत आणि त्याच्यापुढे शिकारीसाठी अख्खी रात्र असते. आधी त्यांनी अर्जातल्या खुणेवरून चिंच पाहिली, आजूबाजूला मांजरे नाहीत याची खात्री केली, माझी सही घेतली, आणि खोका भिंतीवर ठेवून झाकण उघडून सगळ्यांना मागे सरकवले. हवेत उडवायचे नसते. तो आपल्या वेळेने निघतो. थोडा वेळ तो काठावर बसला, डोके खाली-वर करून त्याने अंतर जोखले, आणि मग थेट चिंचेत गेला. मुलाने माझा हात घट्ट धरला होता. सासूबाईंनी नमस्कार केला.

जाण्यापूर्वी वनरक्षकांनी झाडाकडे बोट दाखवून विचारले, "एवढा दोरा अजून तसाच ठेवलाय?" उत्तरायण संपून तीन आठवडे झाले होते आणि चिंचेच्या फांद्यांत गुंतेच्या गुंते लोंबत होते. दुसऱ्याच दिवशी पोळीतल्या मुलांनी लांब बांबूला आकडा बांधून हाताशी येतील तेवढे गुंते उतरवले. जिथे विजेच्या तारा जवळ होत्या तिथे कोणालाही जाऊ दिले नाही आणि त्यासाठी वीज कंपनीत तक्रार नोंदवली. उतरवलेला दोरा जसाच्या तसा कचऱ्यात टाकू नये, कारण कचराकुंडीवर येणारे कावळे, गाई आणि कुत्री त्यात अडकतात. तो बोटभर लांबीचे तुकडे करून पिशवीत बंद करावा, किंवा असा दोरा गोळा करणाऱ्या संस्थेकडे द्यावा. नायलॉनचा असेल तर जाळू नये. शेंड्याजवळच्या दोन मोठ्या गुंत्यांपर्यंत बांबू पोचत नाही, म्हणून शिडीची गाडी मिळावी असा अर्ज महापालिकेकडे दिला आहे. जोडी ढोलीत ये-जा करू लागली आहे, त्यामुळे हे काम लवकर आणि भर दुपारी, ढोलीपासून अंतर राखून व्हावे, असे त्या अर्जात स्पष्ट लिहिले आहे.